मुक्ताचं मधलं बोट

प्रिय सुध्या,

आईची साखर ताब्यात आहे, माझी कंबर आहे तिथे आहे. झालं आरोग्य. आता मुद्द्याचं, कारण आमच्या घरात हे सांगून कुणाला कळत नाही.

मुक्ता तुझा चेंडू टाकते.

शपथ, मी शिकवलेलं नाही. मधलं बोट दुमडून चेंडूमागे दाबलेलं, वर अंगठा, आणि सोडताना टिचकी. मी गॅलरीतून बघत होतो. हात ऑफस्पिनचा आणि चेंडू निघाला उलटा, लेगकडून ऑफला. समोरच्या पोराने बॅट टाकून सरळ आऊट मान्य केलं. विचारलं, तर म्हणे मोबाइलवर अश्विनचा पाहिला. तुझं नाव सांगितलं, तर ‘सुधाकाका? ते तर धावतसुद्धा नाहीत.’

आता तिचे सर म्हणतात, बोट सरळ कर, वर्षभर साधा ऑफब्रेक टाक, हे चाळे नंतर. ते चूक आहेत असं मला छातीठोक म्हणता येत नाही, हीच पंचाईत. टेनिस बॉलला टिचकी कोणीही मारेल. सीझन बॉल, म्हणजे कातडी चेंडू, मुलींचा झाला तरी १४० ते १५१ ग्रॅमचा. टेनिसचा त्याच्या निम्मासुद्धा भरत नाही. परवा ती डाव्या हाताने जेवायला बसली, आई ओरडली, तेव्हा कळलं की उजव्या बोटाचं पेर सुजलंय. बर्फ लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिचक्या सुरू, वरणाच्या वाटीवर.

मग रात्री मी वाचत बसतो. ऑस्ट्रेलियाचा जॅक आयव्हरसन युद्धात न्यू गिनीला असताना टेबल टेनिसचा चेंडू असा दुमडल्या बोटाने फिरवत बसायचा. पस्तिशीत पहिली टेस्ट, इंग्लंडविरुद्धच्या १९५०-५१ च्या अ‍ॅशेसमध्ये २१ विकेट, आणि पुढे एकही टेस्ट नाही. श्रीलंकेचा मेंडिस तर आपण डोळ्यांनी पाहिला. २००८ च्या आशिया कप फायनलला १३ धावांत ६, मग आपल्याच विरुद्ध तीन टेस्टमध्ये २६. (एकटा सेहवाग त्याला जुमानला नाही, गॉलला नाबाद २०१.) पुढच्या खेपेला लोक हाताकडे बघून खेळायला लागले आणि मेंडिस १९ टेस्टवर थांबला. अश्विन टिकला, कारण त्याचा साधा ऑफब्रेकच जबरी. टिचकी नुसती तोंडी लावायला. म्हणजे सर बरोबरच की!

मग तुझं काय झालं रे? शाळेतल्या सरांनी तुझं बोट सरळ केलं आणि तू असा ऑफस्पिन टाकायला लागलास की दहावी ब च्या पोरांनीही स्वीप मारले. त्याआधी तुझा चेंडू चाळीत कुणालाच कळायचा नाही, कीपिंग करणाऱ्या मलाही नाही. बाय वे, ती फायनल मी कॅच सोडल्याने गेली हे तू वहिनींनाही सांगितलंयस म्हणे. सूर्य डोळ्यांवर होता आणि तू फुलटॉस टाकला होतास. हे माझ्याकडून लिहून घे.

मला खरं एवढंच सांग: तू ते सोडलंस ते बोट दुखायचं म्हणून, की सर रागावले म्हणून? मला तेव्हा बोटाचं सांगितलंस, मन्याला सरांचं. बोटाचं असेल तर मी तिला आजच थांबवतो, रडली तरी चालेल. सरांचं असेल, तर मग त्यांच्याशी बोलायला हवं, आणि ते मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. पंधरा वर्षांखालील संघाची निवड तोंडावर आलीय. सरांचं न ऐकणाऱ्या पोरीचं नाव यादीत कोण घालणार?

तुझ्या बदलीचं काय ठरलं? ओंकारला बारावीला चांगले मार्क पडल्याचं मन्याकडून कळलं, शाबास सांग. वहिनींना नमस्कार.

शनिवारी ये. सीझन बॉल मी आणतो, तू नखं कापून ये.

तुझा,
विज्या