पंचांगाशेजारी एक गाणं छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या याच सदरात नुकतीच एका ज्येष्ठ वाचकांनी ‘आजकालची पोरं कानात वायर घालून नुसता गोंगाट ऐकतात’ अशी तक्रार केली होती. गोंगाट असतो, कबूल. पण तो रोज सकाळी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून लिहायला बसलो. शिवाय आपल्याकडे एक मागणीही आहे.

आमच्या ग्रुपवर दिवसाला एकच गाणं येतं, इंडी (मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच्या बळावर गाणी काढणाऱ्या) किंवा पंक (वेगवान, खडबडीत रॉक वाजवणाऱ्या) बँडचं. सोबत दोन ओळी हव्यातच: बँड कुठला, गाणं कधीचं आणि आज हेच का. नुसती लिंक टाकून पळणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकदम दहा गाणी टाकली की कुणी एकही ऐकत नाही. पंकवाल्यांचं बरं असतं, ते वेळ खात नाहीत. न्यूयॉर्कच्या रामोन्सचा १९७६ सालचा पहिला अल्बम घ्या, चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत आटोपतात.

ते ऐकून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्या आमच्या मित्राने व्हॉइस मेसेज पाठवला. पाठीमागे माग खडखडत होतेच. ‘काय बे, ह्यांचा ड्रमवाला आमच्याच शिफ्टचा दिसतोय की!’ वर त्याचं म्हणणं, आपल्या बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी कामगारांपुढे डफावर थाप मारून हेच केलं. मला ते जरा ओढूनताणून वाटलं. शाहिरीत शब्द आधी पोचतात, पंकमध्ये सगळ्यात शेवटी, तेही पोचले तर. पण त्या वादात ग्रुपवरच्या चार जणांनी अमर शेख पहिल्यांदा ऐकले, हे मात्र खरं.

अ‍ॅप आपोआप गाणी सुचवतं, मग माणूस कशाला, असं कुणी विचारेल. अ‍ॅप आपण काल ऐकलं त्याच्याच भावकीतलं आज पुढे करतं, आणि का ते सांगत नाही. बीबीसीवर जॉन पील नावाचे निवेदक १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतःच्या आवडीने अनोळखी बँड वाजवत राहिले. १९७८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्स या पोरसवदा बँडचं गाणं त्यांना इतकं आवडलं की संपल्यावर त्यांनी तेच पुन्हा लावलं. लागोपाठ! आकाशवाणीच्या ‘आपली आवड’वर आम्ही वाढलो, तिच्याविषयी माया आहेच, पण फर्माईश माणूस ओळखीच्या गाण्याचीच करतो. अनोळखी गाणं कुणीतरी हट्टाने पुढ्यात ठेवावं लागतं.

आपल्या देशातही असे बँड आहेत. मुंबईचे रायट पेडलर्स पंक वाजवतात, दिल्लीची ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ आहे (नाव कंपनीचं, पण आहे बँडच), चेन्नईचे एफ-१६स आहेत. सोलापुरात यांची नावं कानावर पडणार कुठून? इथे मंडपातला डीजे सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आणि घरात दार लावून गिटार वाजवणारा पोरगा शेजाऱ्यालाही माहीत नसतो. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने ५०० पौंड उसने घेऊन १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, कुठल्या कंपनीची वाट पाहिली नाही. आता तर तबकडीचाही खर्च नाही. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच वाक्यात बोलणाऱ्या या गावातून कसलं गाणं निघेल, याची मला फार उत्सुकता आहे. ते निघालं तर त्याची पहिली बातमी आपल्या पेपरात यावी.

म्हणून मागणी एवढीच: पंचांग आणि सुडोकूच्या शेजारी दोन बोटं जागा द्या आणि रोज एक गाणं छापा. ‘सर्वाधिक ऐकलेली’ यादी नको, ती फोनमध्ये आहेच. निवडणाऱ्याने कारण लिहावं, आणि गाणं विकत कुठे मिळतं तेही. फुकट ऐकण्यातून छोट्या बँडच्या हाती चिल्लरच पडते. बँडकॅम्प या, बँड स्वतःची गाणी विकतात त्या वेबसाइटवर विकत घेतलं तर बहुतेक पैसा त्यांच्यापर्यंत जातो. वाचकांना निवड पटली नाही तर ते आपल्याला पत्रं लिहितील, त्यात आपलं नुकसान काय?

पहिल्या महिन्याची गाणी आमचा ग्रुप काढून देईल. मानधन नको. फक्त बँडचं नाव छापताना प्रूफ नीट तपासा.

आपला,
एक नियमित वाचक
अशोक चौक, सोलापूर