धनेशाला ढोली आणि फळं दोन्ही हवीत : वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची राई शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, याबद्दल आभार. गावाने देवाच्या भीतीने आणि मायेने राखलेलं हे रान जेमतेम अडीच हेक्टरांचं आहे. माझी काळजी त्याच्या कुंपणाबाहेरची आहे.

रानजायफळाची बी मोठी. बुलबुलासारख्या लहान पाखराला ती गिळवत नाही. बीवरच्या लाल जायपत्रीच्या ओढीने मोठ्या चोचीचा धनेश पक्षी ती गिळतो आणि कोसभर लांब कुठेतरी ओकून टाकतो. काळ्या धुपाच्या झाडाचंही असंच. धनेश नसेल तर बी आईच्याच सावलीत पडते आणि बहुतेक तिथेच किडते, कुजते.

पण धनेश एका राईवर जगत नाही. जायफळ संपलं की त्याला उंबर, नांद्रूक, पायर अशा वडाच्या जातीच्या झाडांची फळं लागतात. घरट्यासाठी जुनं, ढोली असलेलं झाड लागतं, बेहड्यासारखं. मादी त्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीएवढी जागा ठेवून तोंड लिंपते, आणि नर तिला व पिल्लाला फळं भरवतो. हे सगळं उन्हाळ्यात चालतं. आमच्याकडे झाडतोडही उन्हाळ्यातच जोरात असते. रबर आणि अननसासाठी खासगी डोंगर साफ होतात तेव्हा उंबर आणि ढोलीचं झाड आधी जातं, कारण त्याला लाकडाचा भाव नाही आणि लागवडीत ते अडचणीचं.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या झाडतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचे निर्देशही दिले. ती मनाई डोंगरावर दिसायला हवी.

मी बागायतदारांना दोष देत नाही. उभ्या रानातून मालकाला दमडी मिळत नसेल तर तो रबर लावणारच. म्हणून विनंती अशी : खासगी रानातली ढोलीची आणि उंबर-वडाच्या जातीची झाडं गावकऱ्यांना सोबत घेऊन मोजा, त्यांवर खुणा करा, आणि ती राखणाऱ्या मालकाला दरवर्षी मोबदला द्या. भरपाईची रोपं लावून हे साधणार नाही; ढोली धरायला झाडाला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. पुढचा तोडीचा हंगाम सुरू होण्याआधी ही मोजणी दोडामार्गातून सुरू व्हावी.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक काजू बागायतदार