डीएनए चाचणी झाली, पण कशाची?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला डीएनए तंत्रज्ञानावरचा लेख वाचला. असा विषय मराठीत आणि चक्क पानभर छापलात, याचे आधी मनापासून कौतुक. पण लेखाचा मथळा होता ‘डीएनए कधीच खोटे बोलत नाही’ आणि त्याच पानाच्या तळाशी चौकट होती, ‘बुद्धिमत्तेचे जनुक हाती’. ही दोन विधाने पचनी पडली नाहीत, म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही. रेणवीय जीवशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत तांत्रिक सहायक होते, आता निवृत्त आहे. शोधनिबंधांवर नावे शास्त्रज्ञांची असत. नळ्यांमध्ये थेंब सोडणे, जेल (डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारा लिबलिबीत थर) ओतणे, यंत्र लावणे आणि पट्टे उमटले नाहीत की बोलणी खाणे, हे आमच्या वाट्याला. त्यामुळे डीएनए माझ्या ओळखीचा आहे तो असा, बोटांच्या टोकाशी असलेला.

तुमचा लेख आल्यापासून ओळखीच्या लोकांचे फोन येत आहेत. एकाने विचारले, “मुलाची डीएनए चाचणी करून तो इंजिनिअर होईल की नाही ते कळेल ना?” दुसऱ्या बाईंच्या घरात पितृत्वाची चाचणी झाली होती; त्याच कागदावरून मुलाला पुढे मधुमेह होणार का, ते त्यांना हवे होते. एका गृहस्थांना साथीच्या काळात नाकातून घेतलेल्या नमुन्यातून आपला सगळा ‘डीएनए’ कुणाकडे गेला, याची धास्ती होती. दोष यांचा नाही. ‘डीएनए चाचणी’ अशी एकच एक चाचणी असते, असे आपणच त्यांना वाचायला देतो. प्रत्यक्षात ओळख पटवण्याची चाचणी वेगळी, आजाराशी जोडलेला बदल शोधण्याची वेगळी आणि रोगजंतू आहे की नाही हे पाहण्याची आणखी वेगळी. रेणूचे रसायन तेच, पण एकीचे उत्तर दुसरीच्या प्रश्नाला लागू पडत नाही. नाकातल्या नमुन्यात विषाणूच्या आरएनएचे (डीएनएच्या जातकुळीतल्याच रेणूचे) ठरावीक तुकडे शोधतात. त्या गृहस्थांचा जनुकसंच तिथे कुणी वाचत नाही.

आता मूळ रेणूकडे येते, कारण लेखात तिथेच घाई झाली आहे. साखर आणि फॉस्फेट यांच्या दोन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. आतल्या बाजूला चार घटक, म्हणजे या लिपीची चार अक्षरे: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन. ए समोर टी आणि जी समोर सी, अशाच जोड्या जमतात. त्यामुळे एक साखळी हाती असली की दुसरी कशी असणार हे ठरून जाते. पेशी दुभंगताना प्रत निघते ती याच गुणावर आणि पुढची सगळी तंत्रे उभी आहेत तीही यावरच. एर्विन शारगाफ यांनी ए आणि टी यांचे प्रमाण सारखे, जी आणि सी यांचे सारखे, हे आधीच मोजून ठेवले होते. ते तसे का, याचा उलगडा 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी रचना मांडली तेव्हा झाला. त्या रचनेमागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा आधार होता. तुमच्या लेखात त्यांचे नावही नाही. 1962 चे नोबेल जाहीर झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी त्या गेल्या. आणि जाता जाता सांगते, तुमच्या चित्रातला पीळ डावा आहे. पेशीत नेहमी आढळणाऱ्या डीएनएचा पीळ उजवा असतो. चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे छापले गेले असावे. ही चूक जगभरच्या छापील चित्रांत होते, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

एका मानवी पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मावलेला असतो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. आई आणि बाप यांच्याकडून येणारा संच प्रत्येकी सुमारे 300 कोटी अक्षरांचा. त्यात प्रथिनांची जनुके साधारण 20,000, आणि प्रथिन बांधण्याची थेट माहिती असलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी. हा संच वाचण्याचा मोठा प्रकल्प 1990 मध्ये सुरू होऊन 2003 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, पण पुन्हा पुन्हा तेच ते येणारे अवघड पट्टे राहिलेच होते. ते 2022 मध्ये वाचून झाले.

जनुक म्हणजे या साखळीतला असा भाग, की ज्यावरून पेशी आरएनएची प्रत काढते आणि बहुधा त्या प्रतीवरून प्रथिन बांधते. प्रत तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते. असे त्रिक 64. त्यांतली 61 अ‍ॅमिनो आम्लांसाठी (प्रथिनांच्या घटकांसाठी), उरलेली तीन ‘इथे थांब’ सांगणारी. ही लिपी उलगडण्यासाठी मार्शल नीरेनबर्ग, हरगोविंद खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना 1968 चे नोबेल मिळाले. आता एका अक्षराने काय होते ते पाहा. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे. तिथल्या ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ झाले की व्हॅलिन येते. आई आणि बाप दोघांकडून हा बदल आला तर प्राणवायू कमी असताना हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात, तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हा सिकलसेल. इथे अक्षरापासून आजारापर्यंतची वाट पायरीपायरीने दाखवता येते.

बुद्धिमत्तेच्या जनुकाची चौकट या उदाहरणाच्या पंगतीला बसत नाही. बुद्धिमत्ता सोडा, उंचीसारखी फूटपट्टीने मोजता येणारी गोष्ट घ्या. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 50 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरच्या अभ्यासात उंचीशी संबंध असलेल्या 12,000 हून अधिक जागा निघाल्या, आणि बहुतेक जागेचा वाटा नखाएवढाही नाही. उंचीची ही गत, तर ‘बुद्धिमत्तेचे’ एक जनुक कुठून हाती लागणार? मूळ संशोधनात बहुधा ‘अमुक जागेचा अमुक चाचणीतल्या गुणांशी किंचित संबंध दिसला’ एवढेच असणार. मधले ‘किंचित’ गाळले की मथळा तयार. शिवाय जनुकातला बदल खात्रीचा असला, तरी नशीब त्यावर ठरून जात नाही. फिनाइलकिटोन्युरिया हा आजार सरळसरळ जनुकातल्या बदलाने होतो. पण जन्मतःच निदान होऊन फिनाइलअ‍ॅलानिन हा प्रथिनांतला घटक मोजका असलेला आहार लगेच सुरू केला, तर मेंदूचे नुकसान बहुतांशी टळते. डीएनए तोच राहतो.

आता मुख्य मथळा. ओळख पटवण्याच्या चाचणीत सगळा डीएनए वाचतात, असे तुमच्या लेखातून वाटते. तसे नसते. काहींना बोलताना ‘म्हणजे काय, म्हणजे काय’ असे घोकायची सवय असते, तशा डीएनएत काही जागा चार अक्षरे पुन्हा पुन्हा घोकणाऱ्या असतात. कुणात ती नऊदा येतात, कुणात चौदादा. आईकडून एक आकडा, बापाकडून एक. अशा ठरावीक जागांवरचे आकडे तेवढे मोजायचे. अमेरिकेतल्या गुन्हेतपासाच्या नोंदींत पूर्वी 13 जागा बघत, 2017 पासून 20 बघतात. एका जागेवरचे आकडे कित्येकांचे जुळतील, पण वीसच्या वीस जागांवर परक्याशी जुळणे जवळजवळ अशक्य. फक्त एकसारख्या जुळ्यांना ही चाचणी वेगळे करू शकत नाही. या जागा मुद्दाम प्रथिनांच्या माहितीबाहेरच्या निवडलेल्या आहेत. म्हणूनच वर सांगितलेल्या बाईंना त्या कागदावरून मधुमेहाचा पत्ता लागणार नाही.

पितृत्वाच्या चाचणीत एखाद्याच जागी आकडा जुळला नाही, तर लगेच ‘हा बाप नव्हे’ असे म्हणत नाहीत; पिढी बदलताना आकडा एकाने वाढतो-घटतो असे कधीकधी होते. बऱ्याच जागी जुळले नाही, तरच नकार. ही गोष्ट बातमीत आली नाही, तर अर्धवट वाचलेला कागद एखादे घर मोडू शकतो.

ही मोजणी करायची तर नमुन्यातल्या त्या जागांच्या प्रती वाढवाव्या लागतात. ते काम पीसीआरचे. कॅरी म्युलिस यांना ही कल्पना 1983 मध्ये सुचली आणि 1993 मध्ये तिला नोबेल मिळाले. सुमारे 95 अंशांवर दोन साखळ्या सुट्या होतात, मग तापमान उतरवले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी बसतात, 72 अंशांच्या आसपास विकर (एन्झाइम) प्रत पुरी करते. पुन्हा 95. दर फेरीला दुप्पट, म्हणजे तीस फेऱ्यांत कागदावर तरी एकाचे शंभर कोटींहून अधिक. सुरुवातीला दर फेरीत उष्णतेने विकर मरायचे आणि नवे घालावे लागायचे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना सापडलेल्या एका जीवाणूचे विकर वापरल्यावर ती कटकट संपली, कारण ते इतक्या तापमानाला टिकते. कसलाही उपयोग डोळ्यांसमोर नसताना झालेले ते काम.

पण एकाचे शंभर कोटी होतात, हाच या तंत्राचा धोकाही आहे. नमुन्यात चुकून पडलेला दुसऱ्याचा डीएनएही तितक्याच इमानाने वाढतो. म्हणून आम्ही प्रत्येक खेपेला एक नळी अशी ठेवायचो की जिच्यात बाकी सगळे घालायचे, नमुन्याऐवजी मात्र शुद्ध पाणी. जेल चालवताना डीएनए ऋण भाराचा असल्यामुळे काळ्या (ऋण) टोकाकडून लाल (धन) टोकाकडे सरकतो, लहान तुकडे पुढे, मोठे मागे. अतिनील प्रकाशाखाली धरल्यावर माझी नजर आधी नमुन्यांकडे जात नसे, पाण्याच्या खान्याकडे जाई. तिथे पट्टा दिसला की त्या दिवशीचे सगळे काम कचऱ्यात. कितीही सुंदर पट्टे आलेले असोत. नवीन आलेली मुले हळहळायची, पण नियम म्हणजे नियम.

हे न पाळल्याचे फळ जर्मनीने भोगले आहे. 1993 पासूनच्या कितीतरी गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए सापडत होता. खून, घरफोड्या, 2007 मध्ये हाइलब्रॉनमध्ये झालेली महिला पोलिसाची हत्या, सगळीकडे तीच. पोलीस वर्षानुवर्षे मागावर. 2009 मध्ये कळले, की अशी गुन्हेगार बाई नव्हतीच. नमुने घेण्याचे कापसाचे बोळे जिथे तयार होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक केलेले होते. निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए राहू शकतो. गंमत बघा, प्रयोगशाळेने वाचलेला आकडा एकदाही चुकला नव्हता.

याच तंत्राने निर्दोष सुटल्याची उदाहरणेही आहेत आणि ती लेखात हवी होती. अ‍ॅलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञांना 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये डीएनएच्या ठशांची कल्पना सुचली. लवकरच त्याच भागातल्या दोन मुलींच्या हत्यांच्या तपासातले नमुने त्यांच्याकडे आले. एका तरुणाने त्यांतला एक गुन्हा कबूलही केला होता. डीएनएने दाखवले की दोन्ही कृत्ये एकाच माणसाची आणि तो माणूस हा तरुण नव्हे. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की यापुढे डीएनए अहवालाची बातमी देताना वार्ताहराने विचारावे: चाचणी कुठल्या प्रकारची होती, किती जागा पाहिल्या, नमुना एकाच व्यक्तीचा होता की मिसळलेला, आणि पाण्याची नळी कोरी होती का. शेवटचा प्रश्न ऐकून प्रयोगशाळेतला माणूस खूश होईल आणि जरा जास्तच बोलेल, तेवढे सोसावे.

पुढच्या रविवारी जनुकसंपादनावर लेख येणार असे तुम्ही जाहीर केले आहे. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शारपॉन्तिये यांचे 2012 चे क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याचे तंत्र), 2020 चे नोबेल, हे येईलच. 2023 अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या ज्या क्रिस्पर उपचाराला मान्यता मिळाली, त्यात ‘चुकीचे अक्षर दुरुस्त केले’ असे कृपया लिहू नका. ते ‘जीटीजी’ तसेच राहते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तनिर्मिती पेशी बाहेर काढून, गर्भावस्थेत चालणारे आणि जन्मानंतर बंद पडणारे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल त्यांच्यात करतात आणि त्या परत शरीरात सोडतात. हा बदल त्या माणसापुरता, मुलांकडे जात नाही. 2018 मध्ये चीनमध्ये गर्भांवर झालेला आणि जगभर निषेध झालेला प्रकार वेगळा, तिथले बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतात. या दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली घालू नयेत, आणि जमल्यास चित्रातला पीळ तेवढा उजवा करून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक