ताई, तुमच्या त्या बिघडलेल्या बाटलीबद्दल

प्रिय ताई,

माझी घरी लावलेली मीड, म्हणजे मधाची दारू, तुम्ही वाचवलीत. त्याचे तोंडावर आभार मानले तेव्हा तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवलात. त्यात काय होतं ते आज चारचौघांत सांगतो. नाव घेत नाही, म्हणजे तुम्हाला रागवायला जागा राहणार नाही.

माझी पहिली बिअर बऱ्यापैकी जमली होती. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाचा घट्ट पाक) पाण्यात विरघळवलं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घालून तासभर उकळलं, गार केलं, यीस्ट टाकलं. बाकीचं यीस्टने केलं. त्याच जोशात मीड लावली. मध, पाणी, यीस्ट, याहून सोपं ते काय! सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.१००; साखर आंबत जाते तसा हा आकडा उतरतो. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) मस्त बुडबुडत होता, मग एकाएकी मंदावला. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, १.०७२ च्या आसपास येऊन बसला तो बसलाच, आणि झाकण उघडलं की कुजक्या अंड्यांचा भपकारा. घरच्यांनी फर्मेंटर (आंबवायचं भांडं) गॅलरीत हलवायचा ठराव एकमताने मंजूर केला.

ज्यांच्याकडून सामान घेतलं होतं त्यांना आधी विचारलं. विकताना हेच गृहस्थ तोंडभरून बोलत होते. आता म्हणे, "तुमचा मधच भेसळीचा असणार." विषय संपला. मग गेलो एका जाणत्या माणसाकडे, ज्यांच्या घरी चकचकीत स्टीलचं सगळं साहित्य मांडून ठेवलेलं आहे. त्यांनी वास घ्यायचीही तसदी घेतली नाही. "ओतून टाक मोरीत. मीड नवशिक्यांचं काम नाही." आकडा किती आला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

तुम्ही मात्र पहिलाच प्रश्न केलात, "ग्रॅव्हिटी किती होती, आता किती आहे?" मी आणलेल्या बाटलीत नाक घालून वास घेतलात, थांबलात, पुन्हा घेतलात. तोंड वाकडं केलं नाहीत. मग उठून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून एक बाटली काढलीत. तुमचीच मीड, पार वाया गेलेली. वर पांढुरकी साय धरलेली, आणि बूच काढताच नाकात झिणझिण्या. "हे बिघडलेलं. हवा लागली, व्हिनेगर झालं. आता स्वतःचं हुंगा." हुंगलं. दोन्ही वास घाणच, पण एक आंबट, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि दुसरा नुसता गंधकाचा. "तुमचं यीस्ट मेलेलं नाही," तुम्ही म्हणालात, "उपाशी आहे."

ताई, पुढचं सगळं कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं. माल्टच्या वर्टमध्ये, म्हणजे बिअरच्या न आंबलेल्या गोड पाण्यात, यीस्टला लागणारा नायट्रोजन मुळातच असतो, म्हणून बिअर मुकाट्याने आंबते. मधात साखर रग्गड, पण नायट्रोजन जवळजवळ नाहीच. यीस्टची उपासमार झाली की ते गंधकाचा वायू सोडतं, म्हणून तो वास. खाद्य द्यायचं ते थोडंथोडं, आणि साधारण एकतृतीयांश साखर संपायच्या आत. माझा आकडा त्या हद्दीच्या जरासा अलीकडे होता. हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तुम्ही पावाचं यीस्ट पाण्यात उकळून दिलंत. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टने खायचं! ऐकायला अघोरी आहे, पण लागू पडतं. आधी हळूहळू ढवळून अडकलेला वायू जाऊ द्या, नाहीतर सगळा फेस जमिनीवर येईल, हेही बजावलंत. (फेस आलाच. जमिनीवर नाही, एवढंच.)

हे सगळं मिळालं असतं. पण आपली फसलेली बाटली कोण जपून ठेवतं, आणि वर अनोळखी माणसाच्या हातात कोण देतं? लोक जमलेलं दाखवतात. तुम्ही न जमलेलं दाखवलंत, आणि त्यामुळे माझं कुठल्या रांगेत बसतं ते मला माझ्याच नाकाने कळलं. मला धीराचे शब्द नको होते, ताई. ताडून बघायला काहीतरी हवं होतं.

बिअरच्या इतिहासातही असे हात दिसतात. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याचे मालक याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्युनिकच्या झेडलमायर या बिअरवाल्याकडून लागर (थंडाव्यात आंबवलेल्या) बिअरचं यीस्ट कोपनहेगनला आणलं; वाटेत ते गार राहावं म्हणून मुक्कामामुक्कामाला त्यावर थंड पाणी ओतत आणलं, असं सांगतात. पुढे १८८३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत हान्सेन या शास्त्रज्ञांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. पेटंट घेऊन बसता आलं असतं. त्यांनी ते इतर बिअरवाल्यांनाही देऊन टाकलं. एवढी मोठी माणसं वाटून मोकळी होतात, आणि आमचे स्टीलवाले गृहस्थ साधा वास घ्यायला तयार नाहीत.

तर, निकाल. वास आधी गेला, मग आकडा हलायला लागला. शेवटी ०.९९८ वर थांबला, म्हणजे हिशोबाने अल्कोहोल तेरा टक्क्यांच्या वर. आकडा स्थिर आहे ना, हे पुन्हापुन्हा मोजल्याशिवाय बाटल्या भरल्या नाहीत. राहिलेली साखर बंद बाटलीत आंबली तर काचा कशा उडतात, हे तुम्ही ज्या सुरात सांगितलं होतंत तो सूर कानात होता. अजून कोवळी आहे, घशाला जरा जळजळते. तुमच्या वाटणीच्या बाटल्या वेगळ्या काढल्यात, पण वर्षभर हात लावायचा नाही हा तुमचाच नियम आहे, तेव्हा वाट बघा.

एक विचारायचं राहिलं. आता ब्रॅगॉट, म्हणजे बिअर आणि मीड यांचं मिश्रण, करायचा बेत आहे, अर्धी साखर माल्टची, अर्धी मधाची. या खेपेला डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट नको, धान्य भिजवूनच करणार. मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेलं ते धान्य, ६५ अंश सेल्सिअसवर ठेवू की ६८ वर? मध सगळा आंबून कोरडा होणार, म्हणून माल्टकडून थोडा भरीवपणा यावा असं मला वाटतंय, म्हणजे ६८. स्टीलवाल्यांना विचारणार नाही. तुम्हीच कळवा.

तुमचा,
गंधकवाला