मागे नऊ टन संत्री आणि तरी झोप

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला फळांचा लेख आमच्या घरी जरा जास्तच मनावर घेतला गेला. आज सकाळी सहाला मी नेहमीसारखा ओसरीत येऊन बसलो, तर कपाऐवजी बशी आली आणि बशीत सफरचंदाच्या फोडी. सून म्हणाली, "मामाजी, आजपासून सकाळचा चहा बंद. पेपरात आलं आहे न, सफरचंदानं कॉफीएवढीच तरतरी येते म्हणून."

फोडी खाल्ल्या. गोड होत्या, खोटं कशाला बोलू? आता दुपारचे तीन वाजलेत, दोन्ही कानशिलं ठणकताहेत, डोळ्यांवर झापड आहे आणि तुम्हाला पत्र लिहिण्यापलीकडे हातून काही होईल असं वाटत नाही.

लेखिकाबाई आहारतज्ज्ञ आहेत, मी दहावी नापास ट्रक ड्रायव्हर. त्यांच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण एका बाबतीत माझा अनुभव त्यांच्यापेक्षा दांडगा असावा. फळांनी झोप उडते का, याचा प्रयोग मी नऊ टन फळं सोबत घेऊन केलेला आहे.

१९९१ चा डिसेंबर. आंबिया बहाराची संत्री भरून वरुडहून दिल्लीच्या आझादपूर मंडीला निघालो होतो. मी नवा ड्रायव्हर, शेजारी आमचे उस्ताद. लाकडी पेट्या, वर तणस, त्यावर ताडपत्री, दोर आवळून होईतो रात्रीचे दहा वाजले. मुलताई गेलं, बैतुल गेलं. बरेठ्याचा घाट लागला तेव्हा अडीच वाजले असतील. पापण्या अशा जड झाल्या की समोरच्या ट्रकचा लाल दिवा एकाचे दोन दिसायला लागले. उस्ताद घोरत होते. त्यांना उठवायची लाज वाटली, म्हणून केबिनमध्ये वानोळा म्हणून ठेवलेली संत्री एकेक सोलून खायला सुरुवात केली. एका हातात स्टेअरिंग, मांडीवर सालं. सहा खाल्ली. आंबट-गोड रसाने तोंड तेवढं जागं झालं, डोळे काही झाले नाहीत. फायदा एकच. लघवीला दोनदा गाडी थांबवावी लागली, तेवढा वेळ गार वाऱ्यात उभा राहिलो. तिसऱ्या वेळी मात्र गाडी मी थांबवली नाही. डावं चाक खाली उतरलं, खडी उडाली आणि त्या आवाजाने उस्ताद जागे झाले.

त्यांनी आधी मला शिव्या घातल्या, मग मांडीवरची सालं बघितली. "झोप येऊन राहिली तर संत्रं काय कामाचं बे?" घाट उतरल्यावर धाब्यावर गाडी लावली. मला कडक चहा पाजला आणि लगेच खाटेवर आडवं व्हायला सांगितलं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. तेव्हा मला ते उलटंच वाटलं. चहा पाजायचा आणि वर झोपवायचं? पण उठलो तो ताजा. इटारसीपर्यंत जांभई आली नाही.

त्यातलं कारण आज दुपारी कळलं. नात नागपूरला नर्सिंग शिकते, तिला फोन लावला. ती म्हणाली, आबाजी, चहा पोटात गेल्यावर कॅफीनचा अंमल चढायला वीस-तीस मिनिटं लागतातच. तेवढ्यात डुलकी काढली तर दोन्हींचा फायदा मिळतो. उस्तादांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे तुमची पुरवणी त्यांच्या आड आली नाही.

तिने आणखीही सांगितलं, ते मला समजलं तसं सांगतो. माणूस जागा असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन त्या जागा आधीच अडवून ठेवतं. मंडीत गाळ्यासमोर कुणी रिकामी गाडी आडवी लावली की आपला माल उतरत नाही, तसंच. माल कुठं गेलेला नसतो, मागे रांगेत उभाच असतो. पाचेक तासांनी निम्मं कॅफीन उतरतं आणि थकवा एकेक करून आत शिरतो. म्हणजे चहाने अंगात शक्ती येत नाही, हे लेखिकाबाईंचं म्हणणं खरं आहे. माझा चहा आठ वर्षांपासून बिनसाखरेचा. त्यात चमचाभर दूध सोडलं तर पोटात जाण्यासारखं आहेच काय?

पण मग सफरचंदाचं काय? मध्यम आकाराच्या एका सफरचंदात सुमारे ९५ कॅलरी, १९ ग्रॅम साखर, थोडा चोथा आणि कॅफीन शून्य. ते डिझेल झालं. टाकी रिकामी असेल तर भरा, गाडी पळेल. सकाळी सहापासून तोडणीला गेलेल्या बाया अकरा वाजता बांधावर दोन केळी खातात आणि पुन्हा हात चालायला लागतो, हे मी रोज बघतो. त्यांना भूक लागलेली असते. मला भूक नव्हती, ड्रायव्हर पेंगत होता. टाकी भरल्याने ड्रायव्हर जागा होतो का? तुमच्या लेखात 'ऊर्जा' हा एकच शब्द दोन्हीकडे वापरला आणि तिथेच सगळा घोळ झाला. मराठीत शक्ती वेगळी आणि तरतरी वेगळी, हे आमच्या घरच्या गड्यालाही कळतं.

बरं, फळातूनच तरतरी हवी असा हट्ट असेल, तर तेही आपल्याच जिल्ह्यात आहे. चिखलदऱ्याला कॉफी होते. लालबुंद फळ, गर गोडसर. पण माणसाने फळ बाजूला काढलं आणि बी भाजली. इतक्या पिढ्या लोक उगाच बी भाजत आले नसतील!

आणि विषय निघालाच आहे तर एक विचारतो. अर्ध्या पानाच्या त्या लेखात सफरचंद होतं, किवी होती, ब्लूबेरी नावाची जांभळाची कुणी धाकटी बहीण रंगीत फोटोसकट होती. संत्र्याचं नाव एका ओळीत, तेही 'इत्यादी'च्या अलीकडे. तुमचा अंक वरुड-मोर्शीत खपतो, ब्लूबेरीच्या देशात नाही. फळगळीने आमच्या बागांखाली सडा पडला, ती बातमी सातव्या पानावर दोन बोटं जागेत आली. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेलं आणि इथला भाव पडला, त्यावर पुरवणी कधी निघाल्याचं मला आठवत नाही. फळं खा म्हणून सांगताय तर निदान कुणाची खा, तेही सांगा.

नात म्हणाली, रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याने तो एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, आणि दोन दिवसांपासून आठवडाभरही राहू शकतं. सोडायचाच तर एकेक कप कमी करत सोडा. काल माझा शेवटचा कप पाच वाजता झाला होता. बावीस तास झाले. एवढी एक ओळ त्या लेखाच्या शेवटी छापली असती तर हे पत्र तुम्हाला वाचावं लागलं नसतं.

फोनवरचं बोलणं सुनेने स्वयंपाकघरातून ऐकलेलं दिसतं. खलबत्त्यात आलं कुटल्याचा आवाज येतोय. थांबतो.

आपला,
एक जुना ट्रक ड्रायव्हर,
वरुड, जि. अमरावती