ग्रहणाचा नव्हे, जनुकाचा दोष

महोदय,

नात्यातल्या एका बाळाचे अंगठे जन्मतःच बाहेर वळलेले, पावले आत वाकलेली होती. काही आठवड्यांनी कानही टम्म सुजले. बारशाला जमलेल्या बायकांनी निदान तिथेच उरकले, ‘ग्रहणात विळी हातात घेतली असणार!’ बाळाची आई मान खाली घालून बसली होती.

पुढे तपासणीत ‘डायस्ट्रॉफिक डिस्प्लेशिया’ हा हाडांचा जन्मजात आजार निघाला; दोष होता तो ‘एसएलसी२६ए२’ या जनुकात. पेशीत सल्फेट आत घेणारा वाहक या जनुकावरून तयार होतो. तो बिघडला की कूर्चेतल्या, म्हणजे कानात-सांध्यात असते त्या मऊ हाडातल्या, लांब साखळ्यांना पुरेसे सल्फेट मिळत नाही, त्या पाणी नीट धरत नाहीत. बाळाची बरीच हाडे आधी कूर्चेच्या साच्यावर घडतात, त्यामुळे तीही आखूड, वाकडी होतात. फिनलंडमध्ये हा आजार तुलनेने अधिक आढळतो. तिथल्याच कुटुंबांच्या अभ्यासातून १९९४ मध्ये हे जनुक सापडले. बुद्धी सहसा शाबूत राहते, हे मात्र आमच्या मंडळींच्या गळी उतरवताना नाकी नऊ आले.

सदोष प्रत आई-वडील दोघांकडून यावी लागते. अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. नात्यात लग्न झाले की दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता वाढते. या घरात मामाची मुलगी सून म्हणून आणली होती, पण बारशात तो विषय कुणी काढला नाही.

जनुकीय समुपदेशन जिल्ह्याच्या ठिकाणी कुठे मिळते, एवढे तरी आपल्या आरोग्य पुरवणीत छापावे. आम्हाला ते शोधण्यातच वर्ष गेले.

– एक वाचक, सातारा