हप्त्याचं मी बघतो

सांगली, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पहाटे मी दारात येईपर्यंत तुझी रिक्षा कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. रात्री जेवताना "मग परत आलीस कशाला?" असं माझ्या तोंडून गेलं. तसं म्हणायचं नव्हतं, बाळ. कर्जाच्या हप्त्याचा विषय निघाला आणि जीभ घसरली.

तू का आलीस ते मला ठाऊक आहे. 2024 च्या एप्रिलात ब्रिटन सरकारनं कामाच्या व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची अट 26,200 पौंडांवरून 38,700 वर नेली, तेव्हा तू लीड्सहून फोन केला होतास. आकडे मी कॅलेंडरवर लिहून ठेवले. 2025 च्या जुलैत ते 41,700 झाले. नव्यांना सवलत होती, पण कंपनी स्पॉन्सर करायलाच तयार नाही तिथं तू काय करणार? उद्या मुलाखतीत विचारलं तर हेच सांग. मान खाली घालून सांगू नकोस.

पगार पौंडाच्या हिशेबानं मागू नकोस, पण हप्ता डोळ्यांपुढं ठेवून पडेल त्याला हो म्हणू नकोस. हप्त्याचं मी बघतो. इथल्या पोरांना तीन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, तू उद्यापासून कामावर जाऊ शकतेस, हे आधी सांग. आणि वेळेत पोच. हिंजवडीच्या रस्त्याला... जाऊ दे. परक्या देशात तीन वर्षं एकटी राहिलीस, तुला रस्ता काय सांगायचा. चुकलं माझं.

2019 चा पूर आठवतो? आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलेलं. आई दागिन्यांचा डबा शोधत होती आणि तू माझ्या पेढीच्या कीर्दवह्या डोक्यावर घेऊन माळ्यावर चढलीस. "बाबा, लोकांचा हिशेब आहे," म्हणालीस. मार्केट यार्डात अजून सांगतो मी हे. हळदीचा सौदा थांबवून सांगतो.

म्हणून भीती वाटते. हिशेब चुकता करायच्या नादात स्वतःला स्वस्तात देशील.

यार्डात राजापुरी हळदीची आवक सुरू झालीय, मला जादा काम आहे. आत्याकडं नीट जेव. हे पत्र विजूच्या ट्रकबरोबर पाठवतोय.

तुझे,
बाबा

ता. क. या महिन्याचा हप्ता भरलाय. ॲपवर बघत बसू नकोस.